कॉलेजचं पहिलं वर्ष: दिवस मोकळा दिसतो, तरी वेळ पुरत नाही

नवी_पालवी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

शाळेत होते तेव्हा दिवस दुसऱ्या कुणीतरी आखून दिलेला असायचा. आता कॉलेज सुरू झालंय आणि मी हॉस्टेलवर राहते. वेळापत्रक पाहिलं तर निम्मा दिवस रिकामा दिसतो. नऊला एक लेक्चर, मग थेट बाराला, मग तीनला प्रॅक्टिकल. मधले तास कुठे जातात तेच कळत नाही. रात्री जेवून वही उघडावी तर डोळे मिटायला लागलेले असतात.

प्रत्येक विषयाचे सर-मॅडम सांगतात, "वाचून या." पण वाचलं का, हे कुणी विचारत नाही. मग एकाच आठवड्यात तीन-तीन सबमिशनं येतात आणि सगळ्या मजल्यावर रात्रभर दिवे जळतात. तासातासाचं टाइमटेबल करून भिंतीवर लावलं, ते आठवडाभरही टिकत नाही.

मला नेमकं विचारायचंय ते हे: लेक्चरांच्या मधल्या तुटक तासांचं काय करायचं? रोज किती तास अभ्यास म्हणजे पुरेसा? आणि नाटकाच्या ग्रुपमध्ये जायची फार इच्छा आहे, पण पहिल्या वर्षी ते झेपतं का? ज्यांनी हे दिवस पाहिलेत त्यांनी कृपया लिहा.

---

सावकाश

प्रश्न नीट मांडला आहेस. (पहिल्या वर्षाला आहेस म्हणून अगं-तुगं करतोय, चालेल असं धरतो.)

टाइमटेबल मोडतं यात स्वतःचा आळस शोधू नकोस. तासातासाच्या आखणीत एक लेक्चर लांबलं, एक मैत्रीण आजारी पडली, की पुढचे सगळे चौकोन सरकतात. सरकलेले चौकोन पाहिले की माणूस उरलेला दिवसही सोडून देतो. म्हणून दिवस आखायच्या भानगडीत न पडता आठवडा आख.

आठवड्याचे तास १६८. झोपेचे रोज ८ धरले तर ५६ गेले. लेक्चर आणि प्रॅक्टिकल मिळून २५ धरू. आंघोळ, जेवण, येणंजाणं, कपडे धुणं याला रोज ३ म्हणजे २१. उरतात ६६. हा आकडा एकदा कागदावर स्वतःच्या हाताने काढून बघ, कारण "वेळच नाही" ही भावना आणि हा आकडा एकमेकांशी जुळत नाहीत. वेळ आहे, पण तो तुकड्यांत विखुरलेला आहे आणि त्याच्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नाही. शाळेत प्रत्येक तासावर नाव होतं. पहिल्या वर्षाला जाणारी बहुतेक मुलं इथेच अडखळतात, असं माझं मत आहे.

मी सांगेन ते असं. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास बस. सात रकाने आख. आधी न हलणाऱ्या गोष्टी भर: लेक्चर, प्रॅक्टिकल, झोप. मग अभ्यासाच्या फक्त चार-पाच बैठका टाक, दीड-दोन तासांच्या. प्रत्येकीपुढे विषय लिही आणि जागाही लिही. बाकीचे चौकोन मुद्दाम कोरे सोड. एखादी बैठक हुकली तर ती कुठल्या कोऱ्या चौकोनात जाईल, तेही आधीच बाणाने दाखवून ठेव.

आणि एक वेगळा कागद पूर्ण सेमिस्टरचा. त्यावर सगळ्या विषयांच्या सबमिशनच्या आणि चाचण्यांच्या तारखा, पहिल्या पंधरवड्यातच. तीन सबमिशनं एका आठवड्यात येणार हे तुला महिनाभर आधी दिसलं, तर त्यातलं एक आधीच्या आठवड्यात संपवता येतं. तारखा बदलत नाहीत, पण त्या अंगावर येत नाहीत.

---

वाटसरू२

सावकाश यांना +१. "जागाही लिही" हे फार महत्त्वाचं आहे, घाईत वाचताना सुटेल म्हणून मुद्दाम लिहितोय. १९९७ साली मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सुट्टीच्या काळात एक छोटा अहवाल लिहून पाठवायचा होता. काहींना तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवायला लावलं. त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश जणांनी अहवाल वेळेत लिहिला. ज्यांना हे ठरवायला सांगितलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण सुमारे एक तृतीयांश होतं. इच्छा दोन्ही गटांना होतीच.

---

तळटीप

मी पहिल्या वर्षाला शिकवते, त्यामुळे हा धागा पाहून राहवलं नाही.

"रोज किती तास" याचं उत्तर तुमच्या अभ्यासक्रमातच दडलेलं असतं, मुलं ते वाचत नाहीत. श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, हे फक्त वर्गातल्या तासांचं माप नाही. युरोपातल्या विद्यापीठांच्या पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं, स्वतःच्या अभ्यासासकट. म्हणजे वर्षाला १५०० ते १८०० तास. अमेरिकेत वर्गातल्या एका तासामागे वर्गाबाहेरचे दोन तास असा हिशेब रूढ आहे. तेव्हा वेळापत्रकातला तो रिकामा भाग मुळात रिकामा नाही. तो अभ्यासासाठीच सोडलेला आहे, फक्त तिथे घंटा वाजत नाही.

याचा अर्थ पहिल्या दिवसापासून वर्गातल्या तासांच्या दुप्पट वाचत बसा असा घेऊ नका. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एवढंच सांगते: त्या दिवशी जे शिकवलं ते त्याच दिवशी एकदा हाताखालून घाला.

तुझ्या तुटक तासांचा सगळ्यात चांगला उपयोग इथे आहे. नऊचं लेक्चर दहाला संपलं. खोलीवर जाऊ नकोस. जवळच्या लायब्ररीत किंवा रिकाम्या वर्गात बस, वही मिटून ठेव, आणि कोऱ्या कागदावर आत्ता काय शिकवलं ते आठवून लिही. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मग वही उघडून काय सुटलं ते वेगळ्या शाईने भर. बस.

हे इतकं साधं आहे की मुलं ते हसण्यावारी नेतात, म्हणून त्यामागचं कारण सांगते. हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती विसरतो ते मोजायचं. विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगाने होतं, पुढे ते मंदावतं, हे त्यात दिसलं. अर्थ असलेला मजकूर जास्त टिकतो हे खरं, पण सुरुवातीची ती घसरण लेक्चरलाही लागू होते. दुसरा प्रयोग २००६ चा, रोडिगर आणि कार्पिके यांचा. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं झालं: दोनदा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

पुस्तकावर पिवळ्या रेघा मारत तीन तास बसणारी मुलं मला दरवर्षी दिसतात. कष्ट खरे असतात, म्हणूनच वाईट वाटतं. वेळेचं नियोजन म्हटलं की लोक घड्याळाकडे बघतात. त्या तासात नेमकं काय करता याकडे आधी बघायला हवं.

---

गणितवेडा

तळटीप मॅडमशी सहमत, पण एक दुरुस्ती सुचवतो. विषय कोणता यावर तुकडा किती मोठा हवा हे ठरतं. भाषा, इतिहास, जीवशास्त्रातल्या व्याख्या हे तुटक तासात होतं. गणितातली एखादी सिद्धता किंवा प्रोग्रॅमिंगची असाइनमेंट होत नाही. तिथे डोकं प्रश्नात शिरायलाच वीस मिनिटं लागतात. इंटरनेटवर सगळीकडे पोमोडोरो पद्धत सांगतात, २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिल्लो याने १९८० च्या दशकाच्या शेवटी, स्वतः विद्यार्थी असताना ती काढली. सुरुवात करायला ती उत्तम आहे, कंटाळवाण्या कामाला तर फारच. पण गणित रंगात आलेलं असताना टायमर वाजला म्हणून उठू नये. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं कामही नीट होत नाही.

म्हणून आठवड्यातले मोठे सलग तुकडे आधी शोध, आणि ते सगळ्यात जड विषयाला दे. मोठ्या तुकड्यात मेल बघणं, फॉर्म भरणं, पुस्तक परत करणं असली कामं करू नकोस. ती लेक्चरांच्या फटीत जातात.

दुसरी गोष्ट अंदाजाची. "ही असाइनमेंट? दोन तासांत होईल." नाही होत. १९९४ साली ब्युहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध संपायला किती दिवस लागतील? सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस. सगळं जितकं बिघडू शकतं तितकं बिघडलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात सरासरी ५५ च्या वर दिवस लागले. म्हणजे सगळ्यात वाईट अंदाजही कमी पडला. याच अभ्यासात आणखी एक दिसलं: मागच्या वेळी असं काम करायला किती वेळ लागला होता, हे आठवून आत्ताच्या कामाशी जोडायला लावलं की अंदाज सुधारतो.

त्यामुळे प्रत्येक असाइनमेंटच्या कोपऱ्यात दोन आकडे लिहीत जा. आधी वाटलेला वेळ आणि नंतर खरोखर लागलेला. महिन्याभरात तुझा स्वतःचा गुणक तुला कळेल. कुणाचा दीडपट असतो, कुणाचा दुप्पट. तो कळला की आखणी आपोआप खरी होते. या धाग्यावर मला फक्त एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी हीच सांगितली असती.

---

उत्तररात्र

सगळे दिवसाचंच बोलतायत. काही जणांचं डोकं रात्रीच चालतं हो. मला सकाळी आठ वाजता वाचलेलं एक अक्षर आठवत नाही, रात्री अकरानंतर सलग तीन तास होतात. हॉस्टेलवर शांतताही तेव्हाच मिळते. तिला सकाळी उठवू नका.

---

मेधाविनी

उत्तररात्र, तुमचं म्हणणं शरीराच्या दृष्टीने चुकीचं नाही. मी आरोग्यक्षेत्रात काम करते. किशोरवयात शरीराचं घड्याळ पुढे सरकत जातं आणि साधारण विशीच्या आसपास ते सगळ्यात उशिरा चालतं, हे मोठ्या पाहण्यांमध्ये दिसलं आहे. त्यानंतर ते हळूहळू पुन्हा अलीकडे येतं. त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला पहाटे चारला उठ म्हणून सांगणं मलाही पटत नाही.

पण नऊचं लेक्चर तर जागेवरून हलत नाही ना. रात्री दोनला झोपून आठला उठलं तर झाले सहा तास, आणि या वयाला ७ ते ९ तासांची शिफारस आहे. दिवसा वाचलेलं पक्कं होण्याचं मोठं काम झोपेतच चालतं, म्हणजे कमी झोपून वाचलेला तास पूर्ण तास भरतच नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणं कधीतरी होईल. ती सवय झाली तर मात्र आठवड्याचा हिशेब कागदावर कितीही जुळला तरी हाती काही लागणार नाही.

रात्री जमत असेल तर साडेअकरापर्यंत वाचावं आणि उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार बदलू नये. संध्याकाळनंतर कॉफी टाळलेली बरी. पाचेक तासांनीही तिच्यातलं निम्मं कॅफीन शरीरात असतं.

---

नवी_पालवी

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. तळटीप मॅडम, आज दहाच्या सुट्टीत वही मिटून लिहून पाहिलं. वर्गात सगळं कळलंय असं वाटत होतं, पण मधल्या दोन पायऱ्या आठवेचनात. त्या लगेच मैत्रिणीला विचारल्या.

अडचण आहे ती खोलीची. खोलीत आम्ही तिघी. संध्याकाळी कुणी ना कुणी येतंच, आणि मला त्या गप्पा मनापासून आवडतात. घर सोडून आल्यावर हीच तर माझी माणसं आहेत. "अभ्यास आहे, जा" असं तोंडावर कसं म्हणू? आणि फोन. घरून फोन येईल म्हणून बंदही ठेवता येत नाही.

---

रानवारा

मी शिकताना अर्धवेळ नोकरी करत होतो, तेव्हा वेळ मुळातच कमी होता. त्यातून शिकलेलं सांगतो.

"जा" म्हणू नकोस. तू जा. खोली ही राहायची जागा आहे, तिथे तिघींचा हक्क आहे आणि गप्पाही तिथेच व्हायला हव्यात. अभ्यासाची जागा खोलीबाहेर असू दे: लायब्ररी, वाचनकक्ष, रिकामा वर्ग. साडेपाच ते साडेसात तिकडे बसून आलीस की रात्रीच्या गप्पांना तू मोकळी असतेस, आणि मनात टोचणीही नसते. नाही म्हणायची वेळच येत नाही. आठवड्यात एकदा तुझ्या खोलीतल्या दोघींनाही सोबत ने. कुणीतरी शेजारी शांतपणे वाचत बसलेलं असलं की आपणही टिकतो.

फोनचं: घरच्यांना तुझ्या बैठकीच्या वेळा सांगून ठेव. आईला कळलं की साडेसातनंतर लेक स्वतः फोन करते, तर तीही निश्चिंत. फोनमध्ये ठरावीक नंबरांचीच घंटी वाजेल अशी सोय असते, ती लावून फोन बॅगेत ठेव, टेबलावर नको. उलटा करून ठेवलेला फोनही हाताला बोलावतो.

नाटकाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. जा. जरूर जा. पण पहिल्या सेमिस्टरला एकच काहीतरी घे. नाटक घेतलंस तर वक्तृत्व, मासिक, क्रीडा समिती पुढच्या वर्षी. आणि नाव देण्याआधी जुन्या मुलांना विचार की प्रयोगाआधीच्या पंधरवड्यात तालमी किती वेळ चालतात. ते दिवस सेमिस्टरच्या कागदावर लाल कर. ज्या संध्याकाळी तालीम असते त्या दिवशी मुलं दुपारचा वेळ वाया घालवत नाहीत, हे मी माझ्या मित्रांमध्ये पाहिलंय. ज्या संध्याकाळी काहीच नसतं तीच सरकत सरकत संपते.

---

ओसरी

माझा मुलगा यंदाच कॉलेजला गेला, बाहेरगावी. फोनवर "अभ्यास चाललाय ना?" विचारलं की "हो" एवढंच येतं. जास्त विचारलं तर चिडतो. पालकांनी यात किती पडावं? रोज विचारू नये हे कळतं, पण जीव राहत नाही.

---

तळटीप

ओसरी, काळजी वाटणारच. "अभ्यास चाललाय ना" याला "हो" शिवाय दुसरं उत्तरच नसतं, म्हणून तो प्रश्न सोडा. या आठवड्यात कुठला विषय जड गेला, नवे सर कसे शिकवतात, कुणाबरोबर बसून प्रॅक्टिकल करतो, असं विचारा. त्याला त्याच्या आठवड्याबद्दल बोलू द्या. बोलता बोलता काय मागे पडलंय हे त्याचं त्यालाच दिसतं. आणि पहिल्या चाचणीचे गुण कमी आले तर त्या दिवशी फक्त ऐकून घ्या. शाळेत पहिला येणारा मुलगा इथे पहिल्यांदा मधल्या रांगेत बसतो, ते पचायला त्याला वेळ लागतो.

---

निळावंती

तळटीप यांनी गुणांचा विषय काढला त्याला जोडून. मी विद्यार्थ्यांच्या समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे "माझं टाइम मॅनेजमेंट वाईट आहे" म्हणून येणाऱ्या कितीतरी मुलांचा प्रश्न वेळेचा नसतोच.

टाळाटाळ ही बहुतेकदा वेळेचा हिशेब चुकल्यामुळे होत नाही. ते काम समोर आलं की जी भावना येते ती नको असते. भीती, कंटाळा, "मला हे जमणार नाही, सगळ्यांना जमतंय" अशी लाज. काम पुढे ढकललं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच सवय लावतं. अशा वेळी कितीही सुंदर टाइमटेबल उपयोगी पडत नाही. काम इतकं लहान करावं की भीती वाटूच नये. "निबंध लिहायचा" याऐवजी "फाइल उघडून तीन मुद्दे लिहायचे". बऱ्याचदा माणूस तिसऱ्या मुद्द्यावर थांबत नाही.

आणि मागच्या वेळी राहून गेलं म्हणून स्वतःला बोल लावत बसू नका. २०१० मध्ये वोल, पिचिल आणि बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या परीक्षेआधी टाळाटाळ केली, पण त्याबद्दल स्वतःला माफ केलं, अशा मुलांनी दुसऱ्या परीक्षेआधी टाळाटाळ कमी केली. मुलांना वाटतं की स्वतःवर कडक राहिलं तरच सुधारणा होईल. या अभ्यासात तरी उलट दिसलं.

एक कळकळीने सांगते. झोपच लागत नाही किंवा दिवसभर उठवत नाही, जेवण नकोसं झालंय, वर्गात जायची धास्ती वाटते, वाचलेली ओळ पुन्हा पुन्हा वाचूनही डोक्यात शिरत नाही, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर ते वेळेच्या नियोजनाचं काम नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा. सेमिस्टर संपायची वाट बघू नका. लवकर गेलं तर कॉलेजही मुदत वाढवून देऊ शकतं, परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणालाच फार काही करता येत नाही.

---

सावकाश

निळावंती, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

अवांतर: व्यनितून (खाजगी निरोपातून) दोघांनी विचारलं की आखणीला कागद बरा की ॲप. ज्याच्याकडे तुम्ही रोज बघाल ते. माझा कल कागदाकडे आहे, कारण फोनमध्ये आठवडा बघायला गेलेला माणूस आठवडा बघून परत येत नाही. पण तारखांची आठवण करून द्यायला फोनच चांगला. सबमिशनच्या आदल्या दिवशीची आठवण लावू नका, ती फक्त घाबरवते. दहा दिवस आधीची लावा.

---

नवी_पालवी

सगळं वाचून पुढच्या आठवड्याचा कागद केला. इथे टाकते, काही खटकलं तर सांगा.

लेक्चर आणि प्रॅक्टिकल काळ्या शाईने. सोमवार, बुधवार, गुरुवार साडेपाच ते साडेसात वाचनकक्ष: सोमवारी आणि गुरुवारी गणित, बुधवारी भौतिकशास्त्र. शनिवारी सकाळी सलग तीन तास मोकळे सापडले, ते प्रोग्रॅमिंगच्या असाइनमेंटला. तिच्या कोपऱ्यात "अंदाज: ३ तास" लिहिलंय, खरा आकडा नंतर लिहीन. मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळ नाटक. (रानवारा दादा, नाव दिलं!) दहा ते बारा या वेळेत आधी वही मिटून लिहिणं, मग जर्नल पूर्ण करणं. रविवार पूर्ण कोरा, फक्त संध्याकाळी पुढचा कागद.

एकच गोष्ट कुठे बसवावी कळत नाही. आम्हाला चौघींचा मिळून एक प्रोजेक्ट आहे. माझं मी आखेन, पण बाकीच्या तिघींचा वेळ माझ्या हातात नाही. मागच्या बॅचच्या मुली सांगतात की शेवटी एकीवरच सगळं पडतं.

---

गणितवेडा

कागद छान झालाय. एकच: शनिवारच्या तीन तासांपाठी लगेच दुसरं काही ठेवू नकोस. तीनचे साडेचार झाले तर जागा हवी.

प्रोजेक्टसाठी या आठवड्यातच चौघी अर्धा तास एकत्र बसा आणि चार नाही, आठ-दहा तुकडे करा. प्रत्येक तुकड्यापुढे एकच नाव आणि तारीख, "दोघी मिळून" असं कुठेही लिहू नका. तुमची शेवटची तारीख खऱ्या तारखेच्या आठवडाभर आधीची धरा. आणि दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी पंधरा मिनिटं भेटा. प्रॅक्टिकल संपल्यावर लगेच भेटलात तर उत्तम, चौघी तिथे असताच. प्रत्येकीने काय झालं ते दाखवायचं, सांगायचं नाही. एखादीचं दोन वेळा राहिलं तर तिला कुठे अडलं ते तिथेच विचारा आणि तुकडा बदलून घ्या.

---

तळटीप

आणि तिसऱ्या वेळीही राहिलं तर तेव्हाच शिक्षकांना येऊन सांगा, सबमिशनच्या दिवशी नाही. ती चहाडी होत नाही. महिनाभर आधी कळलं तर आम्ही त्या मुलीशी बोलू शकतो, बहुतेक वेळा तिचंही काहीतरी अडलेलं असतं. पालवी, तुझ्या कागदात बुधवारी तीनच्या प्रॅक्टिकलनंतर साडेपाचपर्यंतची जागा कोरी दिसतेय. प्रोजेक्टची पंधरा मिनिटं तिथे टाक.